भट्टीवाल्यानं विचारायचं नसतं

जेठ महिन्यात भट्टीपुढं बसणं म्हणजे एका उन्हातून उठून दुसऱ्या उन्हात जाणं. बाहेर गरम लू वाहत होती आणि आत दगडी कोळसा फुलला होता. जयसिंगनं बनियन काढून खिळ्याला अडकवलं, ओला पंचा मानेवर टाकला आणि भट्टीखालच्या पंख्याचं बटण दाबलं. पंखा घरघरला, निखारे पांढरट झाले. जयसिंगच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत केस म्हणून नव्हता. तेजाबानं नखं पिवळी पडून कडेला खाल्ली गेली होती. खोकला आला की तो चिमटा खाली ठेवायचा, खोकून घ्यायचा आणि पुन्हा चिमटा उचलायचा. त्याचं त्याला काही वाटेनासं झालं होतं.

लखनौच्या चौक भागात सराफ्यामागच्या बोळात त्याची ही गलाईची खोली. लोकांचं मोडकं सोनं वितळवायचं, त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची. खानापूर तालुक्यातल्या त्याच्या गावची निम्मी घरं याच धंद्यावर मुलूखभर पांगलेली. मिसरूड फुटायच्या आत चुलत्यानं त्याला इथं आणलं आणि भट्टीपुढं बसवून पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘सोनं वजनात घ्यायचं, वजनात द्यायचं. ते कुणाचं, हे भट्टीवाल्यानं विचारायचं नसतं.’ चुलता गेला, त्याचं सांगणं राहिलं. जयसिंगनं ते कधी घासून पाहिलं नाही. आलेल्या प्रत्येक दागिन्याचा कस लावणारा हा माणूस, पण या वाक्याला त्यानं कधी कसोटी लावली नव्हती.

गिऱ्हाइकानं मात्र समोर बसायचं, ही सराफ्याची रीत. सोनं घातलेली मूस भट्टीत गेल्यापासून लगड हातात पडेपर्यंत त्यानं नजर काढायची नाही. त्यात कुणाला अपमान वाटत नसे. फक्त रस्तोगी बाबूजींचा माल तेवढा भरवशावर सोडला जायचा. खोली त्यांची, वरची राहायची जागा त्यांची, आणि बाकीचे सराफ मोठ्या कारखान्यांकडे माल पाठवायला लागल्यावर जे काम उरलं होतं तेही त्यांचंच. म्हणजे जयसिंगचं अख्खं घर रस्तोगींच्या एका मानेच्या हलण्यावर उभं होतं, आणि रस्तोगी मान फार गोड हलवायचे.

त्यांचा माणूस मनोज पुडी घेऊन आला तेव्हा त्याच्या कपाळावर मारुतीच्या शेंदराचा ओला टिळा होता; जेठातल्या मंगळवारी लखनौभर मारुतीच्या नावानं जेवणं घालतात.

“भैया, रख लीजिए. आज बड़ा मंगल है, बाबूजी भंडारे में लगे हैं. हम भी उधर ही जा रहे, पूड़ी बाँटनी है. चार बजे तक आएँगे.”

“जाओ, जाओ,” जयसिंग म्हणाला.

मनोज गेला. जयसिंगनं पुडी तराजूत घातली, वजन पाहिलं आणि कागद उलगडला. तुटक्या साखळ्या, एक दबलेला झुमका, दोन अंगठ्या. आणि त्या सगळ्याखाली एक कोल्हापुरी साज.

आधी त्याला नुसतं बरं वाटलं. इतक्या लांब आपल्याकडचा दागिना दिसला म्हणून. मासा, भुंगा, कारलं, चंद्र, अशी पानं ओळीनं होती, मधे लाखेचे मणी. मागचा गोफ कापलेला होता. मग त्याला कासव दिसलं, आणि त्याचा हात थांबला.

कासव उलटं होतं. सगळी पानं नीट लटकत होती, आणि कासव मात्र शेपटीकडून अडकवलेलं, डोकं खाली.

ती चूक त्याची स्वतःची होती. आलमबागच्या रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या नयनावहिनींच्या साजाची कडी तुटली होती आणि लखनौच्या सोनारांना तो दागिना कळत नव्हता म्हणून त्या चौकात आल्या होत्या. जयसिंग काही सोनार नव्हे. सोनं वितळवणाऱ्यानं जोडायला जाऊ नये. पण आपल्याकडचं माणूस आलंय म्हणून भीड पडली आणि त्यानं कडी भलत्याच टोकाला डाखून दिली. वहिनी खूप हसल्या होत्या. “राहू द्या हो भाऊ, आमचं कासव पाणी प्यायला चाललंय,” असं म्हणून तसाच साज घालून त्या मराठी मंडळाच्या गणपतीला मिरवल्या होत्या.

आणि हाच साज त्यांच्या कपाटातून चोरीला गेला होता. पद्मानं, त्याच्या बायकोनं, परवाच सांगितलं होतं. घरात रंगकाम चालू होतं, माणसं येत-जात होती. पण कपाटाची खोली पुसायला जायची ती रामरती, धुण्याभांड्याची बाई. नयनावहिनींचे मिस्टर उल्हासराव रेल्वेत इंजिनियर. त्यांनी तक्रार दिली आणि पोलिसांनी रामरतीला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. सोडली, पण नाव तक्रारीत राहिलं. कॉलनीतली बाकीची कामंही सुटली. हे ऐकताना जयसिंग जेवत होता आणि त्यानं आणखी अर्धी भाकरी मागून घेतली होती.

त्यानं पंख्याचं बटण बंद केलं. साज पंच्यात गुंडाळला आणि जिना चढला.

वर पद्मा दुपारच्या भाकरी थापत होती. मुलगी अनुष्का छताच्या पंख्याखाली जमिनीवर पालथी पडून अभ्यास करत होती. ती बीबीएला होती आणि उद्या तिचा धंद्यातल्या नीतीचा पेपर होता. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायला मात्र हिंदीच तोंडात यायचं.

जयसिंगनं पंचा सोडला. पद्मानं पाहिलं, पिठाचे हात तसेच धरून खाली बसली.

“अगं बया. नयनावहिनींचा.”

“हं.”

“कुठनं आला?”

“मनोज ठेवून गेला. बाबूजींचा माल.”

“म्हणजे रस्तोगींनी इकत घेतला?”

“घेतला असंल कुणाकडनं तरी. ते कधी इचारत्यात? आपण तरी कधी इचारलंय?”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. पद्मा उठली, ती उलटली, गॅस बारीक केला आणि परत येऊन बसली.

“मग आता?”

“आता काय? चार वाजता तो येणार. लगड द्याय पायजे.”

“वितळवणार?” पद्मानं असं विचारलं की जयसिंगनं तिच्याकडं बघायचं टाळलं.

“मग काय करू? ठाण्यात नेऊन देऊ? विश्वजितनं दिलं की नेऊन.”

विश्वजित त्याचा चुलतभाऊ. दुसऱ्या शहरात त्याची भट्टी होती. चोरीची साखळी आली असा संशय आला म्हणून तो आपल्या पायानं चौकीत गेला. चोर सापडलाच नाही, मग सापडलेला माणूस म्हणून विश्वजितलाच धरला. भट्टीला सील लागलं ते सुटलं नाही. आता तो एका गोदामावर राखणीला बसतो.

जयसिंग चिडून मुलीला म्हणाला, “तुझ्या त्या पुस्तकात काय लिवलंय ग? असल्या वेळी काय करावं म्हणत्यात?”

अनुष्कानं थट्टा आहे का खरंच विचारलंय ते बघितलं. खरंच विचारलं होतं.

“पप्पा, उसमें स्टेजेस हैं. सबसे नीचे वाला आदमी सज़ा के डर से सही काम करता है. उसके ऊपर, अपना फ़ायदा देख के. फिर, कि अपने लोग अच्छा समझें. फिर, क्योंकि कानून है.”

“आन् त्याच्या वर?”

“उसके ऊपर वाला इसलिए करता है कि वो सही है. बस. कोई देखे न देखे.” तिनं पान उलटलं. “वहाँ तक बहुत कम लोग पहुँचते हैं, ऐसा लिखा है. पाँच नंबर का आता है.”

“पाच मार्काला बरंच की,” जयसिंग म्हणाला.

पद्मा साजाकडंच बघत होती. “आपल्या माणसाचा हाय वो. दुसऱ्या कुणाचा असता तर गोष्ट येगळी.”

“क्यों?” अनुष्का उठून बसली. “दूसरे का होता तो गला देते?”

जयसिंगला खोकला आला आणि त्यानं तो जरा जास्तच वेळ खोकला. आजवर असे किती साज, किती झुमके, किती मंगळसूत्रं त्याच्या मुशीतून गेली असतील, ज्यांची कासवं त्याला ओळखता येत नव्हती. हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो तिथंच ठेवला. त्याला मुलीचा राग आला, तो मात्र खरा होता.

“अभ्यास कर,” तो म्हणाला.

पद्मानं पिठाचे हात धुतले. हात धुताना ती बराच वेळ नळाखाली मनगट चोळत राहिली. मग साबण लावला. तिच्या आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या होत्या, मनगट जाड झाल्यापासून निघत नव्हत्या. साबणाचा फेस काढत, दात आवळत तिनं एक काढली, मग दुसरी. अंगठ्याच्या बुडाला कातडं सोललं.

“वजन भरंल का बघा. कमी पडलं तर माझ्या कानातल्या कुड्या हायेत.”

“येडी झालीस का?”

“मनोजला लगडीशी मतलब. साज आपण वहिनींच्या घरी गुपचूप ठेवून येऊ. रस्तोगींना कळायचं न्हाई, पोलिसांना कळायचं न्हाई. वहिनींना त्यांची चीज मिळंल, रामरती सुटंल.”

जयसिंगला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, त्यात कुणाशी काही बोलावं लागत नव्हतं, ते त्याला बरं वाटलं.

वजन भरलं. बाकीच्या मोडीबरोबर पाटल्या मुशीत घातल्या तेव्हा त्याला काही वाटलं नाही. वाटेल असं तो धरून चालला होता. त्यानं सोनं पातळ व्हायला सवागी टाकली, पंखा सोडला, आणि सोन्याची कड ढासळून ती तळाशी बसेपर्यंत नेहमीसारखा बघत राहिला. सासूबाईंनी मांडवात त्या पाटल्या घालताना केवढं रडून घेतलं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं, पण लांबचं.

मनोज पुऱ्यांच्या वासाचे हात घेऊन आला. त्यानं लगड कसाला लावून पाहिली आणि भुवया उडवल्या.

“माल बढ़िया निकला भैया! बाबूजी तो कह रहे थे, कचरा है.”

“हाँ,” जयसिंग म्हणाला, “बढ़िया था.”

दुसऱ्या दिवशी पद्मा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आलमबागला गेली. हजरतगंजपर्यंत ऑटो, पुढं मेट्रो. साज एका जुन्या बटव्यात घालून तिनं पोलक्यात खोचला होता आणि मेट्रोच्या गारव्यातही तिला तिथं घाम येत होता. मनगटात काचेच्या बांगड्या होत्या. हात हलका लागत होता, सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं.

कॉलनीच्या फाटकाबाहेर कडुनिंबाच्या सावलीला रामरती बसलेली होती. मोहनलालगंजकडच्या खेड्यातून ती रोज यायची. पद्मा तिला मंडळाच्या कार्यक्रमात पत्रावळी उचलताना बघत आली होती. आता तिच्या पायात चप्पल नव्हती.

“दीदी,” ती उठली, “साहब हमार आधार कार्ड रख लिए हैं. गार्ड भीतर नहीं जाने देता. आप तनिक कह दीजिए. हम कुछ नहीं लिये दीदी, लड़का की कसम.”

“कहूँगी,” पद्मा म्हणाली. “सब ठीक हो जाएगा. दो दिन रुको.”

असं म्हणताना तिला फार बरं वाटलं. आपल्या पोलक्यात या बाईची सुटका आहे आणि तिला ते ठाऊक नाही, याचा एक गोड भारच तिला झाला होता.

नयनावहिनींनी सरबत दिलं, चटणीचं कौतुक केलं आणि साजाबद्दल डोळ्यांत पाणी आणलं. तो त्यांच्या सासूबाईंचा होता. पद्मा निघाली ती मागच्या अंगणातून. “इकडनं सावली आहे,” असं म्हणून. पुढच्या दारातून फाटकावरचा गार्ड दिसत होता, शेजारीण वाळवण राखत होती. मागच्या दारी कुणी नव्हतं. दाराशी तुळशीची मोठी कुंडी होती. पद्मानं नमस्कार करायला वाकल्यासारखं केलं आणि बटवा तुळशीच्या बुडाशी सरकवला. देवाच्या जागी ठेवला, असंच तिला वाटलं.

त्या मागच्या दारानं त्या घरात एकच माणूस यायचं-जायचं, भांडी घासायला, ते तिच्या ध्यानात आलं नाही.

दोन-तीन दिवस घरात सगळी माणसं जरा मोकळी होती. जयसिंगनं येताना खरबूज आणलं. अनुष्काचा पेपर चांगला गेला. पाच मार्कांचा प्रश्न आला होता. पद्मानं मनगटाच्या सोललेल्या कातड्याला हळद लावली. रस्तोगींकडून रोजच्यासारखा माल येत होता आणि रोजच्यासारखी लगड जात होती.

मग नयनावहिनींचा फोन आला. पद्मा संध्याकाळची भाजी चिरत होती म्हणून तिनं स्पीकर लावला.

“पद्माताई, मिळाला हो माझा साज! अगदी जसाच्या तसा! कासवसुद्धा!”

“अरे वा,” पद्मा म्हणाली. “कुठं मिळाला?”

“कुठं काय, तिनंच आणून टाकला! मागच्या दारी, तुळशीत. गार्डची नजर चुकवून सवयीनं त्याच दारानं आली असणार. हे म्हणालेच होते, पोलिसांचा धाक बसला की आपोआप परत येतो. आता तर पुरावाच झाला ना! ठाण्यात परत बोलावलंय तिला. मी म्हटलं, जाऊ दे, मिळाला ना. पण हे म्हणतात, असं सोडून दिलं तर उद्या दुसऱ्याच्या घरी करील. तत्त्वाचा प्रश्न आहे. बरं, पौर्णिमेला वडाला येताय ना? पेढे देणार आहे सगळ्यांना.”

“येते,” पद्मा म्हणाली.

फोन बंद झाला. चिरलेल्या भेंड्यांवर माश्या बसल्या. जयसिंग हात धुऊन जेवायला बसला होता, तो ताटाकडं बघत राहिला.

“पप्पा,” अनुष्का हळू म्हणाली, “ये तो पहले से बुरा हो गया.”

“वहिनींना मिळाला ना?” जयसिंग म्हणाला. “चीज ज्याची त्याला पोचली. आपलं काम झालं.”

“अन् ती?” पद्मा म्हणाली.

“तिचं मी काय करू? माझ्या घरातलं सोनं गेलं. अजून काय देऊ?”

खरं तर त्याला ठाऊक होतं की सोनं देणं सोपं होतं. सोनं त्यानं जन्मभर हाताळलं होतं. तोंड उघडून चारचौघांत एक वाक्य बोलणं, हे त्यानं कधी केलं नव्हतं. तो जेवला. भाजी अळणी होती, ते त्याला जेवून झाल्यावर कळलं. उरलेला दिवस भट्टीवर बसून निखारे हलवत राहिला आणि कुणी काही विचारलं तर हो म्हणत राहिला.

पौर्णिमेच्या सकाळी पद्मा जरीची साडी नेसली. दोरा, आंबे, हळदीकुंकू ताटात ठेवलं. मग खाली येऊन भट्टीच्या दाराशी उभी राहिली.

“आवो, मी तिथं सांगू का?”

जयसिंग तेजाबाच्या भांड्यात काठी फिरवत होता. पिवळा धूर त्याच्या तोंडावर येत होता, तरी तो बाजूला झाला नाही.

“खोली जाईल,” तो म्हणाला. “विश्वजितसारखं हुईल.”

“हुईल.”

“मग मला इचारू नकोस.”

नको मात्र तो म्हणाला नाही. ती निघाली.

लखनौच्या बायकांची वडाची पूजा अमावास्येलाच उरकलेली असते. पौर्णिमेला वडाभोवती जमतात त्या फक्त मराठी. रेल्वे कॉलनीच्या मैदानावरच्या वडाला पंधरा-वीस जणी सूत गुंडाळत फिरत होत्या. नयनावहिनींच्या गळ्यात साज होता. चालताना कासव उलटं हलत होतं. फाटकाबाहेर, दूर, रामरती उभी होती. आज तिचा नवराही बरोबर होता आणि गार्ड दोघांशी काठीनं बोलत होता.

फेऱ्या झाल्या. नयनावहिनींनी पेढ्यांचा डबा उघडला आणि पहिला पेढा पद्मासमोर धरला.

“घ्या पद्माताई. साज परत मिळाल्याचा.”

पद्मानं पेढा घेतला नाही.

“वहिनी, तो बटवा तुळशीत मी ठेवला.”

“काय?”

“रामरतीनं न्हाई. साज आमच्या भट्टीवर आला वितळायला. सराफाकडनं. आमच्या यांनी कासव वळखलं. आम्ही घाबरलो, म्हणून गुपचूप ठेवला. मागच्या दारी ठेवला, ते चुकलं माझं.”

सूत धरलेले हात थांबले. कुणीतरी लहान मुलाला उगाच गप्प केलं. नयनावहिनींचा पेढ्याचा हात तसाच पुढं राहिला होता आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पद्माला वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल, रामरतीबद्दल. तसं काही झालं नाही.

“तुमच्याकडे वितळायला आला? म्हणजे, असं येतं तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं आणि एक पाऊल मागं सरकल्या. दुसरा हात गळ्याशी गेला. त्यांनी साज मुठीत धरला.

बाकीच्या बायकांनीही पद्माकडं पाहिलं. ही नजर पद्मानं पाहिली होती, या कॉलनीत, पण दुसऱ्या बाईवर पडताना. तिला लाज वाटली. तिनं आपलं ताट उचललं.

“तिचं आधार कार्ड तेवढं द्या,” ती म्हणाली. “सकाळपासनं उभी आहे.”

मग व्हायचं ते झालं. उल्हासरावांनी तक्रारीतलं रामरतीचं नाव काढून घेतलं, माणूस म्हणून ते वाईट नव्हते. कार्ड गार्डच्या हातून फाटकाबाहेर गेलं. पुन्हा कामाला ये असं सांगायला नयनावहिनींनी निरोप पाठवला, पण रामरती आली नाही. तिचा नवरा येऊन तिची मागच्या दाराशी राहिलेली प्लास्टिकची चप्पल घेऊन गेला. पद्माला ती पुन्हा भेटली नाही. आभार मानायला ती येईल, असं पद्माला आत कुठंतरी वाटत होतं, आणि ती आली नाही ते बरंच झालं, असंही.

जयसिंगला ठाण्यात बोलावलं. सकाळपासून तो बाकावर बसला होता. पंखा होता, पण त्याच्या डोक्यावर नव्हता. कुणी मारलं नाही, ओरडलं नाही. नुसतं बसवून ठेवलं. येणारा-जाणारा त्याच्या हातांकडं, पिवळ्या नखांकडं बघायचा. दुपारी जबाब झाला. ‘माल कौन लाया?’ असं विचारल्यावर जयसिंगनं रस्तोगींचं नाव सांगितलं. आवाज फुटत नव्हता म्हणून दोनदा सांगावं लागलं. संध्याकाळी रस्तोगी स्वतः आले, अंमलदाराशी आत जाऊन बोलले, रंगकामाच्या एका पोराचं नाव निघालं, पोरगा सापडला. जयसिंगला घरी जा म्हणाले. बाहेर पडताना रस्तोगींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“जयसिंग भाई, आपने हमसे पूछ तो लिया होता. हम साज वापस कर देते. घर की बात थी.”

त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. ते खरंच दुखावलेले दिसत होते. आपण विचारलं असतं तर यांनी काय उत्तर दिलं असतं, ते त्याला कळत नव्हतं. कळून घ्यावंसंही वाटेना, इतका तो थकला होता.

घरी पद्मानं पाणी दिलं. “खोली?” तिनं विचारलं.

“काही बोलले नाहीत.”

आठवडाभर रस्तोगींकडून माल आला नाही. भट्टी पेटायची आणि विझायची. पद्मानं भांडीकुंडी कुठल्या पोत्यात भरायची ते मनात ठरवून टाकलं. अनुष्का शिकवण्या घ्यायचं बोलू लागली.

मग एका सकाळी मनोज आला. नेहमीसारखी पुडी, नेहमीसारखं हसू.

“भैया, बाबूजी कहिन हैं, जो हुआ सो हुआ. पुराना साथ है. काम चालू कीजिए.” त्यानं पुडी चौरंगावर ठेवली. “बस, आगे से थोड़ा ध्यान रखिएगा.”

जिन्यावर पद्मा येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि सुटकेचा श्वास सोडला, तो खालपर्यंत ऐकू आला. खोली वाचली होती. घर वाचलं होतं.

जयसिंगनं पुडी तराजूत घातली. वजन पाहिलं. कागद उलगडला. दोन बारीक बांगड्या, एक इकडची नथनी, एका लहान मुलाचं कडं. आपल्याकडचं त्यात काहीच नव्हतं. त्याला ओळखू येईल असं एकही कासव नव्हतं. कड्याला आतून दातांच्या खुणा होत्या, पोरं चावतात तशा. तो त्या खुणांवर अंगठा फिरवत राहिला.

“किसका है?” त्यानं विचारलं.

मनोज हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे.

“अरे भैया, किसका मतलब? बाबूजी का है.”

“बाबूजी के पहले किसका था?”

मनोजचं हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं, मग गेलं. त्यानं वर जिन्याकडं पाहिलं, पद्माकडं, की तिनं तरी नवऱ्याला आवरावं. पद्मानं कठडा घट्ट धरला होता. मनगटात काचेच्या बांगड्या होत्या.

“भैया, सोच लीजिए,” मनोज खरोखरच काळजीनं म्हणाला. “हम यही जा के बोल दें, कि आप पूछ रहे हैं?”

“बोल दो.”

मनोजनं कागद मिटला, पुडी खिशात घातली आणि दोन पायऱ्या उतरून बोळात गेला. जरा वेळानं बोळापलीकडच्या दुसऱ्या गलाईवाल्याच्या भट्टीचा पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. जयसिंगची मूस तापून लाल झाली होती आणि रिकामी होती. त्यानं चिमट्यानं ती बाहेर काढली, बाजूला ठेवली, आणि पंखा बंद केला.